वॉरंटी संपली, बिघाड मात्र जुनाच

टेंभुर्णी मागे पडली आणि एसीतून गरम वारा यायला लागला. मार्च २०२४ होता, आण्णांना तपासणीसाठी सोलापूरहून पुण्याला नेत होतो. मागच्या सीटवर त्यांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी काचा खाली केल्या. हा प्रकार तिसऱ्यांदा घडत होता. गाडी २०२१च्या दसऱ्याला घेतलेली. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०२३ला संपलेली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझरने संगणकात गाडीचा नंबर टाकला आणि मान वर न करता सांगितले, "सर, वॉरंटी संपली ना तुमची. कूलिंग कॉइल गेलीय. सोळा-सतरा हजार धरून चाला."

पुढे एकोणीस दिवसांनी ते काम झाले, त्यातले १२,२०० रुपये कंपनीने सोसले आणि मी ४,६५० भरले. मधल्या दिवसांत काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि काय आधीच करायला हवे होते, ते इथे सविस्तर सांगतो. माझा बिघाड एसीचा होता. तुमचा क्लचचा, स्टिअरिंगच्या खडखडाटाचा किंवा सारख्या लागणाऱ्या इंजिन लाइटचा असेल. वाट तीच आहे, कारण सगळे एकाच प्रश्नावर येऊन ठरते: बिघाड सुरू झाला तेव्हा वॉरंटी चालू होती का? ती कधी संपली हे वर्कशॉप तुम्हाला सांगेल. बिघाड कधी सुरू झाला हे तुम्हालाच दाखवावे लागते, आणि तेही कागदावर.

म्हणून पहिले काम घरात बसून करायचे. गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे खोलायला देऊ नका. तो कितीही चांगला असला तरी आता नको, कारण एकदा भाग निघाला आणि भंगारात गेला की दाखवायला काही उरत नाही. गाडी चालवणे धोक्याचे नसेल तर दोन दिवस तशीच राहू द्या. ब्रेक, स्टिअरिंग किंवा पेट्रोलचा वास असा बिघाड असेल, तर मात्र गाडी टोइंगने थेट अधिकृत वर्कशॉपमध्येच न्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यातली, कपाटातली, मोबाइलमधली सगळी जॉब कार्डे आणि बिले एकत्र करा. सगळी सापडत नाहीत. माझीही सापडली नाहीत. अशा वेळी वर्कशॉपमध्ये जाऊन चासी नंबरवरून गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी छापून मागा. कंपनीच्या प्रणालीत ती असते, दुसऱ्या गावच्या अधिकृत वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदीही बहुधा त्यात दिसतात. तोंडी "सगळं आहे सिस्टिमला" असे म्हणतील. छापील प्रत घ्या किंवा ईमेलवर मागवा.

मग एका कोऱ्या कागदावर तारखा मांडा. माझा कागद असा होता. मे २०२२, ९,८०० किलोमीटर: एसी थंड होत नाही, गॅस टॉप-अप ३०० ग्रॅम, पैसे मी भरले. एप्रिल २०२३, २४,३०० किलोमीटर: तीच तक्रार, गॅस टॉप-अप ३५० ग्रॅम, पैसे मी भरले. मार्च २०२४, ३६,९०० किलोमीटर: तीच तक्रार, कॉइल बदला म्हणतात.

या तीन ओळींनीच माझे काम केले, म्हणून त्या जरा जवळून पाहू. पहिल्या जॉब कार्डवर तक्रारीच्या रकान्यात "एसी चेकअप" एवढे दोनच शब्द होते. मी काय सांगितले होते याचा पत्ता नाही. पण बिलावर ग्रॅम होते. बॉनेट उघडले की आत एक छोटे स्टिकर असते, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेले असते. माझ्या गाडीत आर-१३४ए, ५०० ग्रॅम. आता विचार करा. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, ऑइलसारखा वापरून संपत नाही. त्याच पाइपांतून तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत सांध्यांतून थोडासा झिरपतो, पण नव्या गाडीत सात महिन्यांत ५०० पैकी ३०० ग्रॅम कमी झाला, तर तो कुठून तरी गळतोय. पुढच्या अकरा महिन्यांत ३५०. म्हणजे वॉरंटीत दोनदा गाडी आपल्या अंगावरचे दुखणे दाखवत होती, आणि दोन्ही वेळा भोक न शोधता वरून गॅस भरला गेला, तोही माझ्या पैशाने.

तुमच्या बिलांतही असे काहीतरी दडलेले असते. जॉब कार्डवरचे शब्द गुळमुळीत असतात, पण बिलावर भागाचे नाव, मजुरीचा मथळा आणि प्रमाण छापलेले असते. क्लचचे "ॲडजस्टमेंट", सस्पेन्शनचे "ग्रीसिंग", सेन्सरचे "क्लीनिंग", "सॉफ्टवेअर अपडेट" असे शब्द वॉरंटीच्या काळातल्या बिलांत दोन-तीनदा आले असतील, तर त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. तो बिघाडाचा जन्मदाखला आहे.

कागद जुळवत असतानाच आणखी तीन गोष्टी बघून घ्या, कारण कधी कधी विनंती करायची गरजच नसते. गाडी घेताना डीलरने विम्यासोबत एक्स्टेंडेड वॉरंटीही बिलात घातली असेल, आणि ती आपल्या लक्षातच नसते. डिलिव्हरीच्या पाकिटात शोधा. दुसरे, तो भाग मागे पैसे देऊन बदलला असेल तर विकत घेतलेल्या सुट्या भागाची स्वतःची वॉरंटी असते. मुदत कंपनीगणिक वेगळी, बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बघा. वॉरंटीत फुकट बदलून मिळालेल्या भागाला मात्र बहुतेक कंपन्या गाडीच्या वॉरंटीचा उरलेला काळच देतात. तिसरे, कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल किंवा सर्व्हिस मोहीम आहे का पाहा. रिकॉलमधले काम वॉरंटी संपली तरी फुकट होते. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने रिकॉलचे कलम आले आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी मालकाला सरकारच्या वाहन पोर्टलवर दोष कळवताही येतो. पण तो रस्ता सुरक्षिततेच्या दोषांसाठी आहे: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, आग लागण्याचा धोका. एसीला तो उपयोगाचा नाही. आणि विम्याकडे जाऊ नका. अपघाताशिवाय झालेला यांत्रिक बिघाड साध्या मोटार विम्यात बसत नाही.

आता वर्कशॉप. सकाळी लवकर जा, शनिवारी जाऊ नका. शनिवारी कोणालाच वेळ नसतो. ॲडव्हायझर जॉब कार्ड उघडतो, त्या दोन मिनिटांवर पुढचे सगळे अवलंबून आहे. त्याला स्वतःच्या शब्दांत लिहू देऊ नका. शांतपणे सांगा, "मी सांगतो तसं लिहा," आणि एकेक वाक्य सांगा: "एसीतून थंड हवा येत नाही. हीच तक्रार मे २०२२ आणि एप्रिल २०२३ला वॉरंटीत नोंदवली होती. त्याच बिघाडाची पुनरावृत्ती." रकान्यात जागा नाही म्हणाला, तर छापील कार्डावर हाताने लिहा, खाली तारीख घाला आणि त्या पानाचा फोटो काढा. सही त्यानंतरच.

त्याच वेळी तीन गोष्टी मागा, आणि त्या कार्डावर येतील असे बघा. निदान लेखी हवे. जुना भाग परत हवा किंवा क्लेमसाठी राखून ठेवलेला हवा. माझ्या लेखी होकाराशिवाय काही खोलू नये.

निदानाच्या वेळी उभे राहता आले तर उभे राहा. फ्लोअर सुपरवायझर बहुतेक वेळा मनापासून बोलणारा माणूस असतो, कारण त्याचे हात रोज त्या कामात असतात. माझ्या गाडीला यंत्र लावले तेव्हा आत उरलेला गॅस १४० ग्रॅम निघाला. तो आकडा मी कार्डावर लिहून घेतला. मग गॅससोबत चमकणारा रंग सोडला, दोन दिवस गाडी फिरवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने गाडीखाली वाकून निळसर बॅटरी मारली. एसीचे पाणी जिथून ठिबकते त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी हिरवट-पिवळा डाग चमकत होता, हळदीच्या बोटासारखा. म्हणजे गळती डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्येच. बाहेरच्या पाइपांवर, कंप्रेसरवर कुठेही डाग नाही. त्या डागाचा फोटो माझ्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद ठरला. एसी सोडून दुसरा बिघाड असेल तर असाच एक ठोस पुरावा शोधा: खडखडाटाचा व्हिडिओ, त्यात वेग आणि किलोमीटर दिसले पाहिजेत, स्कॅनरवरचा एरर कोड, ॲडव्हायझरला शेजारी बसवून मारलेली फेरी आणि तिची कार्डावर नोंद.

निदान हातात आले की ॲडव्हायझरशी वाद घालणे थांबवा. त्याच्या हातात अधिकार नाही, आणि त्याला दोष देऊन तुमचे काम पुढे जात नाही. सर्व्हिस मॅनेजर किंवा वर्क्स मॅनेजरची वेळ घ्या. इथे एक शब्द माहीत असावा: गुडविल. वॉरंटी संपल्यावर कंपनी आपल्या मर्जीने खर्चाचा वाटा उचलते, त्याला वर्कशॉपमध्ये गुडविल म्हणतात. हा क्लेम डीलर कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरकडे पाठवतो. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला माणूस तुमचा विरोधक नाही. तुमचा अर्ज वर नेणारा आहे. त्याला नेता येईल असा अर्ज त्याच्या हाती द्या. मी तो तीन ओळींचा कागद, दोन बिलांच्या झेरॉक्स आणि डागाचा फोटो टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणालो, "साहेब, मी नवीन बिघाड घेऊन आलो नाही. हा तुमच्याकडे वॉरंटीत आलेला बिघाड आहे, तो तेव्हा राहून गेला. कंपनीकडे गुडविल क्लेम टाका." ते बिलांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे ग्रॅमचं तुम्ही बरोबर पकडलंय. टाकतो मी."

क्लेम वर गेल्यावर काय तोलले जाते, तेही समजून घ्या. वॉरंटी संपून किती महिने आणि किती किलोमीटर झाले. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, अधिकृत ठिकाणी झाले का. तक्रार आधी नोंदवलेली आहे का. बाहेरून काही बसवले आहे का: हॉर्न, लाइट, सीएनजी किट, वायर कापून घातलेली म्युझिक सिस्टिम. बिघाडाचा त्या वस्तूशी संबंध नसेल तर तसे स्पष्ट सांगा, लपवू नका; गाडी खोलल्यावर ते दिसतेच. मला एरिया मॅनेजरकडून पहिले उत्तर आले की कॉइलवर कचरा आणि ओल साचून ती सडली असेल, म्हणजे ही देखभालीची बाब. हे होऊ शकते, खोटे नाही. पण प्रत्येक सर्व्हिसिंगला केबिन फिल्टर बदलल्याचे माझ्या बिलांत होते, आणि सात महिन्यांच्या गाडीत कचऱ्याने कॉइल सडत नाही. हे मी एका परिच्छेदात लिहून पाठवले. म्हणूनच स्वस्तातला फिल्टर टाळून पैसे वाचवू नका, आणि त्याचे बिल फेकू नका.

मॅनेजरला भेटलात त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, डीलरला त्याच ईमेलमध्ये जोडा. फोन केलात तरी तक्रार क्रमांक घ्या आणि तो पुढच्या प्रत्येक पत्रात घाला. पत्र एका पानाचे असावे. रागाचा एकही शब्द नको. कागद राग वाचत नाही, तारखा वाचतो. मराठीत लिहिलेले चालते, पण अनेक कंपन्यांची कार्यालये परराज्यात असतात, तेव्हा सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडली तर वेळ वाचतो. नमुना असा:

"विषय: वॉरंटी काळात नोंदवलेल्या बिघाडाची पुनरावृत्ती, दुरुस्तीचा खर्च कंपनीने करण्याबाबत.
महोदय, माझ्या गाडीचा चासी नंबर अमुक, खरेदीची तारीख अमुक. एसी थंड न होण्याची तक्रार मी अमुक तारखेला ९,८०० किलोमीटरवर आणि अमुक तारखेला २४,३०० किलोमीटरवर आपल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंदवली. दोन्ही वेळा वॉरंटी लागू होती. दोन्ही वेळा गळतीचे ठिकाण न शोधता गॅस भरण्यात आला. बिले सोबत आहेत. आता त्याच वर्कशॉपने कूलिंग कॉइलमधून गळती असल्याचे निदान केले आहे. जॉब कार्ड व फोटो सोबत आहेत. हा बिघाड वॉरंटी काळात सुरू झालेला असल्याने कॉइलची किंमत व ती बदलण्याची मजुरी कंपनीने सोसावी, ही विनंती. लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे."

यात मागणी नेमकी आहे हे बघा. "न्याय द्यावा" असे लिहिले की समोरच्याला काय द्यायचे ते कळत नाही. आणि अख्खी गाडी बदलून मागू नका. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असते; तेवढ्यावरून गाडी बदलून मिळत नाही. भाग मागा, मजुरी मागा, आणि वॉरंटीत त्याच बिघाडासाठी भरलेले पैसे मागा. मी शेवटचे मागायला विसरलो. दोन वेळच्या गॅसचे पैसे गेले ते गेलेच.

दहाव्या दिवशी पहिला देकार आला: कॉइलचे निम्मे पैसे कंपनी देईल. घाईने हो म्हणू नका. मी पुन्हा त्या ३०० आणि ३५० ग्रॅमवर बोट ठेवले. शेवटी कॉइलचे ९,८०० पूर्ण आणि ४,८०० च्या मजुरीतले निम्मे कंपनीने मान्य केले. उरलेली मजुरी आणि गॅस-ऑइलचे २,२५० माझ्याकडे. मी ते स्वीकारले, कारण उन्हाळा तोंडावर होता आणि आण्णांच्या पुण्याच्या फेऱ्या थांबणाऱ्या नव्हत्या. तुम्ही कुठे थांबायचे, ते तुमच्या गरजेवर ठरवा. मात्र मान्य झालेले ईमेलवर आल्याशिवाय काम सुरू करायला सांगू नका, आणि "माझी कोणतीही तक्रार उरली नाही" अशा मजकुरावर गाडी चालवून बघण्याआधी सही करू नका.

नकारच आला तर? गाडी वर्कशॉपमध्ये अडकवून ठेवू नका. काम करून घ्या, पैसे भरा आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: "तक्रार कायम ठेवून, हक्क राखून रक्कम भरली." जुना भाग आणि निदानाचा कागद घेऊनच बाहेर पडा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते. निकाल देत नाही, पण ग्राहक सेवेच्या खिडकीत अडकलेला कागद तिथून बऱ्याचदा हलतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडे मार्गदर्शन मिळते. पत्र त्यांना एकदा दाखवून घ्या.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. जिल्हा आयोगाकडे ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. वस्तूची किंवा सेवेची मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत दोन वर्षांची, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, आणि प्रत्येकाने काय केले किंवा केले नाही ते वेगवेगळे लिहा. गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले: डीलर स्वतंत्रपणे व्यवहार करत असेल, तर कंपनीचा सहभाग किंवा तिला असलेली माहिती तक्रारीत मांडून सिद्ध केल्याशिवाय डीलरच्या चुकीचा भार कंपनीवर टाकता येत नाही. दोष उत्पादनातलाच आहे असे म्हणायचे असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तपासणी करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. वर्कशॉपने गळती शोधली नाही, ही सेवेतली त्रुटी मात्र बिलांवरून दाखवणे सोपे असते. माझे मत विचाराल तर गॅस-क्लच-खडखडाटासारख्या बिघाडात त्रुटीचा मुद्दा पुढे ठेवा. टेम्पो किंवा टॅक्सी असेल, तर ती तुम्ही स्वतः पोट भरण्यासाठी चालवता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा; नाहीतर व्यापारी वापर म्हणून तक्रार दारातच अडते.

काम झाल्यावर गेट पास घेऊन लगेच निघू नका. ऊन असताना गाडी ताब्यात घ्या. एसी चालू करून पंधरा मिनिटे थांबा, मधल्या जाळीपाशी तापमापी धरायला सांगा आणि आकडा जॉब कार्डावर लिहून घ्या. बिलावर बदललेल्या कॉइलचा पार्ट नंबर, भरलेला गॅस पूर्ण ५०० ग्रॅम आणि "गुडविल" हा शब्द आहे ना, ते तपासा. कंपनीने वाटा उचलला याची ही लेखी नोंद आहे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा काही झाले तर बोलणे इथूनच सुरू होईल. डॅशबोर्ड उतरवून बसवलेला असतो, म्हणून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा. क्लिप सैल राहिली असेल तर कुरकुर तिथेच ऐकू येते. माझ्या गाडीत डावीकडची एक राहिली होती, सुपरवायझरने दहा मिनिटांत बसवून दिली.

एप्रिलमध्ये आण्णांना घेऊन पुन्हा पुण्याला निघालो. इंदापूरच्या पुढे त्यांनी मागून शाल मागितली.